हिशेब विचारणारे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

माझ्या आजोळी माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती. आजोबा गेल्यानंतर ती उघडली, तेव्हा सातबाराचे उतारे, सोसायटीच्या पावत्या आणि सुतळीने बांधलेला हिशेबपट्ट्यांचा एक गठ्ठा निघाला. आजोबा भुईमूग आणि मिरची घेऊन तालुक्याच्या बाजाराला जात. अडत्या मालाची किंमत करून त्यातून अडत, हमाली, तोलाई कापून घेई आणि उरलेले पैसे हातावर ठेवी. त्या पट्ट्यांवर तोलाईच्या खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती : 'धर्मादाय'. कुठे एक आणा, कुठे दोन आणे.

मी मामाला विचारले, "हे पैसे जायचे कुठे?" मामा म्हणाला, "कुठे म्हणजे? धर्मालाच." मी विचारले, "पण कोणत्या धर्माला? पांजरपोळाला, देवळाला, की पाणपोईला?" मामा हसला. "ते कोण विचारतंय? दोन आण्यांसाठी अडत्याशी कोण वाकडं घेणार?"

श्रोतेहो, आज मला त्या न विचारलेल्या प्रश्नाचा इतिहास सांगायचा आहे. दानधर्माचा इतिहास आपल्याकडे पुष्कळ सांगितला जातो. कोणी घाट बांधला, कोणी अन्नछत्र घातले, कोणी शाळेला जमीन दिली, हे आपल्याला पाठ असते. पण दिलेल्या दानाचे पुढे काय झाले, ते कोणी सांभाळले, आणि सांभाळणाऱ्याला जाब कोणी विचारला, हा इतिहास सहसा कोणी सांगत नाही. महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर तो विलक्षण आहे.

सुरुवात पुण्याच्या रमण्यापासून करू. पेशवाईत श्रावण महिन्यात पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या रमण्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. दूरदूरहून विद्वान येत, आणि केवळ दक्षिणेसाठी येणारेही येत. हा राज्याचा मोठा खर्च होता. १८१८ साली पेशवाई गेली. नवा सरकारी कारभार हाती घेतलेल्या एल्फिन्स्टन साहेबापुढे प्रश्न उभा राहिला की या दक्षिणेचे करायचे काय? एकदम बंद केली तर शहरात असंतोष, आणि तशीच चालू ठेवली तर कंपनीच्या तिजोरीवर भार. त्याने मधला मार्ग काढला. दक्षिणा आटोपशीर केली आणि तिच्यातील काही पैसा १८२१ साली विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळवला. याच पाठशाळेचे पुढे पूना कॉलेज आणि मग डेक्कन कॉलेज झाले.

म्हणजे दानाचा हेतू बदलला. पण तो बदलला सरकारने, वरून. १८४९ साली मात्र पुण्यातील काही सुधारक मंडळींनी अर्ज केला की दक्षिणेच्या रकमेतील काही भाग मराठी भाषेत चांगले ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा. या मागणीमागे लोकहितवादी, म्हणजे गोपाळ हरी देशमुख होते. शहरातील सनातनी मंडळी खवळली. दक्षिणा हा आपला वंशपरंपरागत हक्क, त्यात वाटेकरी कसले? अर्जदारांच्या अंगावर लोक धावून येतील अशी भीती निर्माण झाली, तेव्हा जोतीराव फुल्यांनी त्यांच्या रक्षणासाठी महार-मांग समाजातील माणसे उभी केली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १८५१ साली दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली आणि मराठी ग्रंथांना बक्षिसे मिळू लागली.

गोष्ट इथे संपली असती तर ती सुधारणेची सरळ कथा झाली असती. पण चारच वर्षांनी, १८५५ साली, याच जोतीरावांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून याच कमिटीकडे पाठवले. अडाणी कुणबी कुटुंबाला भट कसा फसवतो, हा त्याचा विषय. कमिटीने ते नाकारले. निधीचा हेतू बदलला होता, पण निधी वाटणाऱ्या मंडळींची दृष्टी बदलली नव्हती. दानाच्या पैशाबद्दल दोन प्रश्न नेहमी बरोबर चालतात. पैसा कशासाठी आहे हा एक, आणि तो कोणाच्या हातून जातो हा दुसरा. पहिला सुटला म्हणून दुसरा आपोआप सुटत नाही, हे जोतीरावांना स्वतःच्या अनुभवातून कळले.

आता पर्वतीच्या पायथ्यावरून पायऱ्या चढून वर जाऊ. नानासाहेब पेशव्यांनी बांधलेले देवदेवेश्वराचे देवस्थान तिथे आहे. पेशवे गेले तरी देवस्थानाचे उत्पन्न राहिले आणि कारभार पाहायला पंच राहिले. १८६० नंतरच्या दशकात या पंचांच्या कारभाराविषयी पुण्यात कुरबुर सुरू झाली. पैसा नीट खर्च होत नाही, हिशेब कळत नाही, अशा तक्रारी होत्या. लोक एकत्र आले, सभा झाल्या. आणि मग एक अवघड प्रश्न पुढे आला. पंचांनी उलट विचारले, की तुम्ही कोण विचारणारे, तर काय सांगायचे? देवस्थान तुमच्या मालकीचे नाही आणि पंच तुम्ही नेमलेले नाहीत. मग तुमचा अधिकार काय?

गणेश वासुदेव जोशी या वकिलाने याचे उत्तर शोधले. वकीलच तो, त्याने मुखत्यारपत्राची कल्पना लढवली. जो लोकांच्या वतीने बोलणार, त्याने किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे. म्हणजे 'तू कोण?' या प्रश्नाला 'मी पन्नास जणांचा मुखत्यार' असे उत्तर तयार. २ एप्रिल १८७० रोजी ९५ प्रतिनिधींची पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. त्यांच्यामागे सहा हजारांवर लोकांच्या सह्या होत्या. औंधचे श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी अध्यक्ष झाले आणि गणेशपंतांना लोक 'सार्वजनिक काका' म्हणू लागले.

पुढे न्यायमूर्ती रानडे पुण्यात आले आणि सभेने दुष्काळ, शेतसारा, कर्जबाजारीपणा अशा प्रश्नांवर सरकारला भंडावून सोडले. हे सगळे शाळेच्या पुस्तकात असते. पण काँग्रेसच्या पंधरा वर्षे आधी जन्मलेल्या या प्रातिनिधिक संस्थेचे मूळ एका देवस्थानाच्या हिशेबात आहे, हे आपण विसरतो. पंचांना हिशेब विचारायला शिकलेली माणसे पुढे सरकारला हिशेब विचारू लागली.

सार्वजनिक काकांनी लोकांचा अधिकार सह्यांनी सिद्ध केला. कायद्याने काय म्हटले? त्यासाठी डाकोरला जावे लागेल. गुजरातेतील रणछोडरायाचे हे देऊळ १७७२ साली गोपाळ जगन्नाथ तांबवेकर या मराठी सावकाराने बांधले. देवाची सेवा करणारे सेवक तिथे पिढ्यान्‌पिढ्या होते. भक्त देवापुढे पैसे, दागिने ठेवत आणि सेवक ते आपले मानत. मनोहर गणेश तांबेकर आणि इतरांनी दावा लावला की हे द्रव्य देवाचे आहे, सेवकांनी त्याचा हिशेब द्यावा. १८८७ साली मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती वेस्ट आणि बर्डवुड यांनी निकाल दिला. देवापुढे ठेवलेले द्रव्य सेवकांच्या खासगी मालकीचे होत नाही. ज्यांच्या हाती ते पडते, ते विश्वस्त ठरतात आणि विश्वस्ताला हिशेब द्यावाच लागतो.

आज हे आपल्याला साधे वाटेल. पण त्या काळी हा मोठा पालट होता. 'आमच्या वाडवडिलांपासून चालत आले आहे' हा दावा मालकी सिद्ध करायला अपुरा ठरला. पिढीजात सेवेचा मान राहील, परंतु दानपेटीची मालकी मिळणार नाही, असा त्याचा अर्थ होता.

मात्र न्यायालयाची ही वाट फार लांबची होती. दिवाणी प्रक्रिया संहितेत तरतूद होती, की एखाद्या सार्वजनिक धर्मादाय संस्थेच्या कारभारात गैरव्यवहार असेल, तर त्या संस्थेशी हितसंबंध असलेल्या दोन व्यक्तींनी अॅडव्होकेट जनरलची संमती घेऊन दावा लावावा. १९०८ च्या संहितेत हेच कलम ९२ झाले. आता विचार करा. खेड्यातल्या धर्मशाळेचा कारभारी धर्मशाळेत स्वतःची गुरे बांधतो आहे. त्यासाठी दोन गावकऱ्यांनी संमती मिळवायची, वकील द्यायचा, कोर्टाची फी भरायची आणि दहा वर्षे तारखांना जायचे. कोण जाणार? शिवाय इलाख्यात अशा संस्था एकूण किती आहेत, त्यांची मालमत्ता कुठे आहे, हेच कोणाला ठाऊक नव्हते. १८६० चा सोसायट्यांच्या नोंदणीचा कायदा होता, पण त्याचे मागणे माफक. वर्षातून एकदा कार्यकारी मंडळाची यादी द्या, की बव्हंशी झाले. १९२० साली केंद्राने कायदा केला, की विश्वस्ताकडून माहिती आणि हिशेब मागण्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करता येईल. १९२३ साली वक्फांसाठी, १९३५ साली मुंबई इलाख्यातील सार्वजनिक विश्वस्त संस्थांच्या नोंदणीसाठी आणि १९३६ साली पारशी संस्थांसाठी कायदे झाले. ठिगळाला ठिगळ जोडत काम चालले होते.

इथे जरा थांबून संस्थेच्या आत डोकावू. कारण कारभार बिघडतो तो दर वेळी कोणी पैसे खाल्ल्यामुळे बिघडतो, असे नाही. ज्यांच्या सचोटीबद्दल कोणी ब्र काढू शकणार नाही, अशा माणसांच्या संस्थेतही पेच पडतात. १८८४ साली पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. टिळक, आगरकर, नामजोशी, आपटे अशी माणसे त्यात होती. त्यांनी कारभाराची एक नवी रीत घातली. संस्था चालवणार कोण, तर देणगी देणारे श्रीमंत नव्हेत आणि सरकारही नव्हे. जे आपले आयुष्य संस्थेला देतील, ते आजीव सभासद ती चालवतील. वीस वर्षे सेवा आणि महिना ७५ रुपये.

लवकरच प्रश्न उभे राहिले. आजीव सभासदाने बाहेरचे काम करून पैसे मिळवावेत का? पुस्तके लिहावीत का? सार्वजनिक संस्थेत पद घ्यावे का? टिळकांचे म्हणणे होते की सगळा वेळ संस्थेचा, त्यात वाटेकरी नको. आगरकर आणि इतर काही जणांचे म्हणणे होते की ७५ रुपयांत संसार चालत नाही, आणि माणसाला बाहेरच्या कामाची मोकळीक हवी. दोन्ही बाजूंना खोट नव्हती. १८९० साली तरुण गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले, तेव्हा हा वाद शिगेला पोचला आणि टिळकांनी राजीनामा दिला. तो राजीनामा म्हणजे संस्थेच्या कारभारावरचे सविस्तर टिपणच आहे. त्यागावर उभ्या केलेल्या संस्थेतही नियम आधी नीट लिहून ठेवले नाहीत, तर त्याग करणारी माणसेच एकमेकांसमोर उभी राहतात, हा त्याचा धडा.

आणि गंमत पाहा, पाचच वर्षांनी, १८९५ साली, सार्वजनिक सभेच्या व्यवस्थापक मंडळाच्या निवडणुकीत टिळकपक्षाने बहुमत मिळवून सभा ताब्यात घेतली. रानडे-गोखल्यांनी बाहेर पडून १८९६ साली डेक्कन सभा काढली. सभासद नोंदवायचे, निवडणूक जिंकायची, संस्था ताब्यात घ्यायची, हे आज आपण कितीतरी शिक्षणसंस्थांत आणि वाचनालयांत पाहतो. त्याचा मोठा नमुना आपल्या सर्वांत आदरणीय माणसांनीच घालून दिला. फरक इतकाच की त्यांचा वाद तत्त्वाचा होता, संस्थेच्या भूखंडाचा नव्हता.

विसाव्या शतकात दान देणारे बदलले. एका धनिकाऐवजी हजारो सामान्य माणसे देऊ लागली. पैसा फंडाने माणशी एक पैसा मागितला आणि त्यातून तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांसाठी बाया जात्यावर बसताना मूठभर धान्य बाजूला काढून ठेवू लागल्या. अशा दानाची एक अडचण असते. लाख रुपये देणारा देणगीदार वर्षाच्या शेवटी येऊन विचारू शकतो. मूठभर ज्वारी देणारी बाई कोणाला विचारणार? तिच्या वतीने विचारणारे कोणीतरी हवे.

ते 'कोणीतरी' स्वातंत्र्यानंतर आले. १९४८ साली मुंबई सरकारने न्यायमूर्ती तेंडोलकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या शिफारशींतून १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम झाला आणि १९५२ पासून तो अमलात येऊ लागला. धर्मादाय आयुक्त हे पद त्याच कायद्याने निर्माण झाले. इंग्लंडमध्ये १८५३ पासून धर्मादाय आयुक्त होते. तो नमुना डोळ्यांसमोर असला, तरी आपल्या कायद्याने देऊळ, मठ, वक्फ, शाळा, दवाखाना, धर्मशाळा अशा सगळ्यांना एका वहीत आणले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर हाच कायदा विदर्भ-मराठवाड्यातही लागू झाला. अलीकडे त्याच्या नावातला 'मुंबई' जाऊन 'महाराष्ट्र' आले आहे.

कायदा मोठा आहे, पण त्याचा सांगाडा चार गोष्टींत सांगता येतो. पहिली, नोंदणी. संस्था कोणती, हेतू काय, विश्वस्त कोण, मालमत्ता कोणती, हे सगळे सरकारी नोंदवहीत. दुसरी, बदलाची नोंद. विश्वस्त वारला, नवा आला, जमीन घेतली, तर नव्वद दिवसांत कळवायचे. यालाच कचेरीच्या भाषेत 'चेंज रिपोर्ट' म्हणतात. तिसरी, दरवर्षीचे हिशेब आणि लेखापरीक्षण. लेखापरीक्षकाने नुसते आकडे जुळतात एवढेच पाहायचे नाही; काही गैर दिसले तर तेही कळवायचे. आणि चौथी, स्थावर मालमत्ता. धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय ती विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, शेतजमीन दहा वर्षांहून आणि घर वा बिगरशेती जागा तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने देता येत नाही. शिवाय गैरवर्तन करणाऱ्या विश्वस्ताला निलंबित करण्याचा आणि काढून टाकण्याचा अधिकार आयुक्तांना आहे.

एवढे अधिकार सरकारी अधिकाऱ्याच्या हाती जाणार म्हटल्यावर विरोध होणारच. एका जैन देवळाचे वहिवाटदार रतिलाल पानाचंद गांधी आणि मुंबईच्या पारशी पंचायतीचे विश्वस्त सर्वोच्च न्यायालयात गेले. राज्यघटना तेव्हा चार वर्षांची होती. धर्मस्वातंत्र्य दिले आणि देवळाच्या तिजोरीला सरकारी कुलूप लावले, हे कसे, असा त्यांचा सवाल होता. मार्च १९५४ मध्ये निकाल लागला. न्यायालयाने म्हटले की धर्माचे आचरण वेगळे आणि धर्मसंस्थेच्या मालमत्तेचा कारभार वेगळा. कारभाराचे नियमन कायद्याने करता येईल. नोंदणी, हिशेब, तपासणी हे सारे वैध. संस्थांकडून घेतले जाणारे अंशदानही वैध, कारण तो कर नसून सेवेची फी आहे.

पण न्यायालयाने दोन ठिकाणी सरकारचा हातही धरला. धर्मादाय आयुक्तालाच धार्मिक संस्थेचा विश्वस्त नेमण्याची तरतूद त्याने मान्य केली नाही. मठाधिपतीच्या जागी सरकारी अधिकारी बसणे म्हणजे त्या संप्रदायाचा हक्कच संपवणे. आणि दुसरे, दात्याने सांगितलेला हेतू अजून शक्य असताना, केवळ न्यायालयाला दुसरा हेतू अधिक सोयीचा किंवा चांगला वाटतो म्हणून धर्मसंस्थेचा पैसा तिकडे वळवता येणार नाही. हेतू पार पाडणे अशक्य झाले, तरच मूळ हेतूच्या जवळात जवळचा मार्ग शोधायचा.

मला इथे १८४९ चा तो अर्ज आठवतो. आज वाचताना आपले मन सहज लोकहितवादींच्या बाजूला झुकते. पण हेतू बदलण्याचा अधिकार बहुमताला किंवा सरकारला सहजासहजी दिला, तर उद्या त्याच मार्गाने शाळेचा पैसा पुतळ्याकडे आणि दवाखान्याचा पैसा सभामंडपाकडे वळणार नाही, याची हमी कोण देईल? दक्षिणा राज्याच्या तिजोरीतून जात होती, म्हणून तिचा हेतू राज्याला बदलता आला. कोणा म्हातारीने विहिरीसाठी दिलेला पैसा तसा नाही. तिचा शब्द ती गेल्यावरही पाळायचा असतो. नियंत्रण हवे, पण नियंत्रकालाही मर्यादा हवी, हे तारतम्य त्या निकालात आहे.

आता माझ्या आजोबांच्या दोन आण्यांकडे वळतो. या कायद्यात ५४ वे कलम आहे. त्याचा मथळाच 'धर्मादाय' असा आहे. व्यापारातील रूढीनुसार एखाद्याने गिऱ्हाइकाकडून किंवा माल आणणाऱ्याकडून धर्मकार्यासाठी म्हणून काही रक्कम घेतली, तर तिला नाव काहीही असो, ती घेणारा त्या रकमेचा विश्वस्त ठरतो, मालक नव्हे. वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत त्याने तिचा हिशेब धर्मादाय कचेरीला द्यायचा असतो. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने बाजारातील मनमानी कपातींवर टीका केली होती आणि बाजार समित्यांच्या कायद्यांनी पुढे त्यांना आळा घातला. पण धर्मादायाच्या कलमाचा विचार निराळा आहे. डाकोरच्या सेवकांना लावलेला न्यायच त्याने अडत्याच्या गल्ल्याला लावला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने प्राप्तिकराच्या एका खटल्यात याच धर्तीवर सांगितले, की गिऱ्हाइकाकडून धर्मादाय म्हणून घेतलेली रक्कम हे व्यापाऱ्याचे उत्पन्न नव्हे. ती त्याच्याकडे दुसऱ्याची ठेव असते.

म्हणजे आजोबांच्या बाजूने कायदा उभा होता. पण त्यांना हे ठाऊक नव्हते, मामाला ठाऊक नव्हते, आणि बहुधा अडत्यालाही नव्हते.

कायदा आहे आणि माहीत नाही, किंवा माहीत आहे आणि कोणी चालवत नाही, हे दुखणे आजही आहे. धर्मादाय रुग्णालयांचेच पाहा. सवलती घेणाऱ्या अशा रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्यात, ही तरतूद कायद्यात १९८५ पासून होती. ती हलली ती जनहित याचिका झाल्यावर. २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने योजना आखून दिली. एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला काढण्याचे बंधनही तिच्यात आहे. म्हणजे वीस वर्षे कलम पुस्तकात होते, आणि विचारणारे आल्यावर ते खाटांपर्यंत पोचले. पंढरपुराचेही असेच. बडवे-उत्पातांच्या पिढीजात हक्कांवर चौकशी आयोग बसला, १९७३ साली कायदा झाला आणि शेवटचा निकाल सर्वोच्च न्यायालयातून लागायला २०१४ उजाडले. एक्केचाळीस वर्षे!

मोठ्या संस्थांचे निदान वर्तमानपत्रात तरी येते. मला काळजी वाटते ती लहान संस्थांची. माझ्या ओळखीच्या एका गावी जुने वाचनालय आहे. गावातल्या एका निपुत्रिक जोडप्याने त्याला बाजारपेठेत जागा दिली होती. काही वर्षांपूर्वी त्या जागेच्या कडेने टपऱ्या उभ्या राहू लागल्या. गावातली चार तरुण मुले माझ्याकडे आली. म्हणाली, "काका, काहीतरी करायला हवं." आम्ही धर्मादाय कचेरीतून नोंदवहीचा उतारा काढला. त्यावर पाच विश्वस्तांची नावे होती आणि पाचही जण स्वर्गवासी झालेले होते. शेवटची नोंद तीसहून अधिक वर्षांपूर्वीची. मधल्या काळात वाचनालय चालू होते, पुस्तके येत होती, वर्गणी जमत होती. कारभार पाहणारी माणसे चांगली होती, पदरमोड करणारी होती. पण 'चेंज रिपोर्ट' कोणी दिलाच नाही. त्यामुळे टपरीवाल्यांना नोटीस द्यायची, तर कायद्याने सही करायला माणूसच नव्हता. सगळी प्रामाणिक माणसे होती, आणि संस्था मात्र निर्नायकी झाली होती.

त्या मुलांनी दोन वर्षे खेटे घातले. जुनी इतिवृत्ते शोधली, मृत्यूचे दाखले गोळा केले, सभा घेतल्या. अर्ज दाखल झाला. टपऱ्यांचे भांडण अजून मिटलेले नाही. पण निदान आता ते भांडायला कोणीतरी आहे.

या मुलांपैकी एकाने मला सांगितले, की सुरुवातीला गावातल्या वडीलधाऱ्यांना राग आला. "आम्ही चाळीस वर्षे संस्था चालवली, आणि तुम्ही कागद मागता? आमच्यावर विश्वास नाही?" हे वाक्य आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकले आहे. गणपती मंडळात ऐकले आहे, सोसायटीच्या सभेत ऐकले आहे, शाळेच्या पालक-सभेतही ऐकले आहे. आपल्याकडे हिशेब मागणे म्हणजे चोर म्हणणे, अशी एक समजूत आहे. कायद्याला मात्र तसे वाटत नाही. ज्याच्यावर विश्वास टाकला तो विश्वस्त, आणि हिशेब त्यालाच विचारायचा असतो. ज्याच्यावर विश्वासच नाही, त्याच्या हाती पैसा देतो कोण?

तेव्हा, श्रोतेहो, एवढीच विनंती. तुमच्या गावातले देऊळ, तालीम, वाचनालय, तुम्ही वर्गणी देता ते मंडळ, यांपैकी एकाची तरी नोंद धर्मादाय कचेरीत कशी आहे ते पाहून या. विश्वस्त म्हणून कोणाची नावे आहेत, ती माणसे हयात आहेत का, गेल्या वर्षीचे हिशेब दाखल झाले का, एवढे बघा. सार्वजनिक काकांना त्यासाठी पन्नास सह्या गोळा कराव्या लागल्या होत्या. तुम्हाला एक अर्ज आणि नकलेची फी पुरते.

आजोबांच्या त्या हिशेबपट्ट्या मी जपून ठेवल्या आहेत. 'धर्मादाय' या ओळीपुढचे दोन आणे कुठे गेले, ते आता कळणार नाही. कदाचित पांजरपोळातल्या एखाद्या थकलेल्या बैलाला त्यातून वैरण मिळाली असेल. मिळाली असावी, असे मला वाटते. पण आजोबांना ते ठाऊक असते, तर अधिक बरे झाले असते.